फराळाचं सामान इथे कुठे मिळेल?

विषय: दिवाळीचा फराळ, सामान आणि पार्सल
प्रेषक: नवी सभासद, बोकेनहाइम

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये शिकायला फ्रँकफर्टला आले, त्यामुळे ही माझी घरापासून लांबची पहिलीच दिवाळी. आई फराळाचं पार्सल पाठवणार आहे, पण बेसनाचे लाडू आणि चकल्या मला स्वतः करायच्या आहेत. वसतिगृहात माझ्या मजल्यावर सात देशांची मुलं आहेत, त्यांना माझ्या हातचं खायला घालायचंय.

बायो (सेंद्रिय मालाच्या) दुकानातून हरभऱ्याचं पीठ आणलं. थोडं भाजून पाहिलं तर टाळ्याला चिकटतंय. रव्याची दोन वेगळी पाकिटं दिसतात, कुठलं घेऊ? तूप काय वापरता? आणि आई पार्सलमध्ये पेढेही घालते म्हणतेय, ते चालतात का?

---

प्रेषक: एक जुन्या सभासद, ह्योख्स्ट
उत्तर: दिवाळीचा फराळ

अगं, स्वतः करायचं म्हणतेस हे वाचूनच फार बरं वाटलं. मी इथे आले तेव्हा हिंगाची डबीसुद्धा गावाहून यायची. आता जवळजवळ सगळं मिळतं, फक्त कुठल्या शेल्फवर हात घालायचा ते ठाऊक हवं.

तुपापासून सुरुवात कर. सुपरमार्केटात बुटरश्माल्झ, म्हणजे इथलं तयार तूप मिळतं, ते तळणीला उत्तम, पण लाडवाला त्याचा वास पुरत नाही. त्यापेक्षा लोणी आणून घरी कढव. पाकिटावर ‘झाउअररामबुटर’ लिहिलेलं, बिनमिठाचं घे. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून कढवताना आपल्या लोणकढ्या तुपाचा वास सुटतो. गोड सायीच्या लोण्याला तो येत नाही. इथल्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटाचं साधारण २०० ग्रॅम तूप हाती लागतं. आच मंद ठेव आणि बेरी बदामी झाली की लगेच उतरव. इथल्या काचेच्या शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, म्हणून भांडं बाजूलाच काढायचं.

आता बेसन. तू आणलेलं पीठ बहुधा काबुली चण्याचं असणार आणि अगदी वस्त्रगाळ. भज्यांना चालेल, लाडवाला नाही. म्युन्शनर श्ट्रासवरच्या भारतीय दुकानातून हरभऱ्याची डाळ आण, मंद आचेवर खमंग भाज, पूर्ण गार होऊ दे आणि मिक्सरवर रवाळ दळ. मग तुपात भाजताना अगदी शेवटी दुधाचा हबका मार. पीठ फसफसून फुलतं आणि दाणेदार होतं. साखर मात्र पीठ कोमट झाल्यावरच. गरम पिठात घातलीस तर सगळं पातळ होऊन बसेल.

रव्याचं म्हणशील तर वाइशवाइत्सनग्रीस, म्हणजे मऊ गव्हाचा रवा घे. दुसरा, हार्टवाइत्सनग्रीस, पास्त्याच्या गव्हाचा. तो पिवळट आणि कडक असतो, पाकातल्या लाडवात त्याचा कण लवकर मुरत नाही. तुर्की दुकानातला इर्मिक, म्हणजे त्यांचा रवाही चांगला, पण तोही कुठल्या गव्हाचा ते पाहून घे.

आणि तुर्की दुकानात गेलीच आहेस तर पिवळे, सोललेले लेब्लेबी घेऊन ये. भाजलेले चणेच ते. चिवड्यात डाळ्याच्या जागी मी दर वर्षी तेच घालते. करंजीच्या सारणाला खसखस मात्र भारतीय दुकानातलीच पांढरी हवी. इथे बेकरीत वापरतात ती निळी खसखस सारण काळपट करते. सुकं खोबरं सुपरमार्केटातलं चालतं, भाजून घेतलं की झालं. अनारशांची हौस असेल तर वेगळी मेल कर, ते तीन दिवस तांदूळ भिजवण्यापासून सुरू होतं आणि सगळं इथे लिहीत बसत नाही.

---

प्रेषक: सभासद, ओफेनबाख
उत्तर: पार्सल

ताईंनी पाककृती सांगितलीच आहे, मी पार्सलचं सांगतो.

पेढे आणि खव्याची बर्फी मागवू नकोस. युरोपीय संघाबाहेरून खासगी सामानात किंवा टपालाने दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. कस्टमला सापडले तर ते जप्त होऊन नष्ट केले जातात. आईच्या हातचे पेढे तिथे टाकले जाण्यापेक्षा तिला आधीच सांगितलेलं बरं. चकली, शेव, चिवडा यांत दूध-मांस काही नसतं, त्यांना हा नियम लागत नाही.

भेट म्हणून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेलं पार्सल ४५ युरोपर्यंतच्या किमतीला करमुक्त आहे. पण पाठवणारं माणूसच हवं. दुकानाने परस्पर पाठवलेला फराळ भेट धरत नाहीत, त्यावर कर बसतो. फॉर्मवर ‘खाऊ’ किंवा नुसतं ‘फूड’ लिहू नका म्हणावं. प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन आणि किंमत वेगळी लिहिली की पार्सल अडकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

कोणी दिवाळीआधी भारतातून येत असेल त्यांच्यासाठी: ताजा कढीपत्ता बॅगेत घालू नका. डिसेंबर २०१९पासून ताज्या वनस्पतींना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त पाच फळांना आहे: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. नारळ आणता येतो हे पुष्कळांना माहीतच नसतं! आणि दुबईमार्गे येत असाल तर खसखस अजिबात नको. अमिरातीत ती निषिद्ध आहे आणि तिथले नियम कडक आहेत.

---

प्रेषक: सभासद, साक्सेनहाउझन
उत्तर: चकली

आमच्या घरी चकल्या मी करतो, म्हणून राहवत नाही.

तयार भाजणी मिळते, पण ती कधी दळलीय ते कळत नाही आणि जुन्या भाजणीची चकली खवट लागते. घरीच कर. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, मूठभर धने, थोडे जिरे. तांदूळ धुऊन कापडावर पसरून खडखडीत वाळव. इथे हीटर सुरू झाले की घरातली हवा कोरडी होते, त्याचा फायदा घे. मग प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीद डाळ करपेल तेव्हा तांदूळ अजून कच्चाच असतो.

मोहन हाच सगळा खेळ आहे. जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगड होते. म्हणून पूर्ण पिठाची उकड काढण्याआधी मूठभर पिठाची एक चकली तळून पाहा. तेल रिफाइंड सूर्यफुलाचं घे, ‘काल्टगेप्रेस्ट’ (न तापवता घाण्यावर काढलेलं) लिहिलेलं नको, ते लवकर धुरावतं. तळून झालेलं तेल सिंकमध्ये ओतू नकोस. बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, साध्या कचऱ्याच्या डब्यात टाक.

पितळी सोऱ्या माझ्याकडे जास्तीचा आहे. घेऊन जा, दिवाळीनंतर परत दे.

---

प्रेषक: मंडळाची कार्यकारिणी
उत्तर: दिवाळीचा फराळ

सर्वांना नमस्कार. हा धागा आम्ही जपून ठेवतो आहोत, नव्या सभासदांना दर वर्षी हेच प्रश्न पडतात.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध, फुलं, सुटं सामान शनिवारीच आणून ठेवा.

शनिवारी ३१ ऑक्टोबरला सकाळपासून एकत्र फराळ करू. ह्योख्स्टच्या ताई लाडवांचं बघतील, साक्सेनहाउझनचे दादा चकलीचं. ज्यांची पहिलीच दिवाळी आहे त्यांनी नुसतं यावं, सामान मंडळाचं. बाकीच्यांनी काय आणणार ते याच मेलवर कळवावं.

एक विनंती. शेजाऱ्यांना, ऑफिसात किंवा वसतिगृहात फराळ देताना सोबत घटकांची चिठ्ठी ठेवा. शेंगदाणे, तीळ, काजू, दूध आणि गहू हे सगळे युरोपीय संघाच्या १४ ॲलर्जनांच्या (ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांच्या) यादीत येतात आणि चकलीत तीळ आहेत हे बाहेरून पाहणाऱ्याला समजेलच असं नाही.

---

प्रेषक: नवी सभासद, बोकेनहाइम
उत्तर: दिवाळीचा फराळ

काकू, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. पेढ्यांचं आईला आजच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग त्या जागी जास्तीची शेव घालते. डाळ आणि लोणी उद्या आणते, ३१ला येतेच आहे. काकू, अनारशांची मेल आज रात्री करते.