मदत हवी आहे: पीसीटी वीकेंडच्या तुकड्यांत, सिझर्स क्रॉसिंगनंतरचं पाणी आणि सॅन जसिंटोचा बर्फ

नमस्कार मंडळी,

सॅन डिएगो, टेमेक्युला, एलए या पट्ट्यात राहणारं कोणी असेल तर प्लीज हा धागा पूर्ण वाचा. आणि बर्फात चालायची ज्यांना सवय आहे ते जगात कुठेही राहत असोत, त्यांनीही वाचा, शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

मी आणि माझी लेक मिळून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) वीकेंडला तुकडे पाडून चालतोय. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात, मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून कॅनडापर्यंत साधारण २,६५० मैलांची म्हणजे ४,२६५ किमीची ही पायवाट आहे, कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन असं करत जाते. अख्खी चालणारे लोक एप्रिलच्या आसपास कॅम्पोहून निघतात आणि सप्टेंबरपर्यंत वर पोचतात. आम्हाला अख्खी नाही करायची. लेक बारावीत आहे, ऑगस्टमध्ये कॉलेजला दुसऱ्या राज्यात जाणार, त्याआधी कॅम्पोपासून सॅन गोर्गोनियो खिंडीतल्या आय-१० हायवेपर्यंतचे २१० मैल सलग जोडायचेत, एकही मैल न गाळता. ही अट तिची आहे आणि मला ती मनापासून पटलेली आहे.

कॅम्पो ते सिझर्स क्रॉसिंग (वाळवंटातला रस्त्यांचा फाटा) हे पहिले ७७ मैल झाले. तिथवर गाडीचा प्रश्न फारसा आला नाही, कारण लेक मोरेना नावाचं तळं, मग आय-८, मग माउंट लगूनाच्या बाजूने जाणारा सनराइज हायवे, असा कुठला ना कुठला डांबरी रस्ता थोड्या थोड्या मैलांनी भेटतोच, नवरा सकाळी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्यावर घ्यायला येतो. गाडी एकच आहे आमच्याकडे. कॅम्पोला जाणारी बस आहे पण ती सोमवार ते शुक्रवार, म्हणजे आमच्या काही कामाची नाही.

लगूनाच्या कड्यावरून चालताना मात्र अक्षरशः वेड लागायची पाळी आली हो, एका हाताला ६,००० फुटांवर पाइनची झाडं, दुसऱ्या हाताला कडा तुटलेला आणि खाली अँझा-बोरेगोचं वाळवंट पसरलेलं. सह्याद्रीत कोकणकड्यावर उभं राहिल्यावर जे होतं ते इथे मैलोनमैल होत राहतं.

सह्याद्रीचा विषय निघालाच आहे तर सांगते, मी नाशिकची, कॉलेजात असताना भरपूर गड केलेत, आणि माझी सगळी सवय तिथली आहे. तिथे आपण पायथ्याचं गाव कुठलं, एसटी किती वाजता, वर टाकं कुठल्या बाजूला, एवढं विचारून निघतो, आणि गावात कोणीतरी पिठलं-भाकरी करून देतंच. इथे गाव नाही, टाकं नाही. वीकेंडचा तुकडा किती मैलांचा हे आपण ठरवतच नाही, रस्ता कुठे ट्रेलला छेदतो आणि पाणी कुठे आहे यावरून ते ठरतं. इथून पुढे हे दोन्ही एकदम विरळ होतात, म्हणून इथे विचारतेय.

पहिला प्रश्न. सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग नावाचा झरा, सॅन फेलिपे हिल्सचा पट्टा. २४ मैल, मध्ये एकही झरा किंवा ओढा नाही, सावली जवळजवळ शून्य. ओकोटिओ, चोया, अगेव्ह, सगळं काटेरीच. आम्ही फेब्रुवारीत शनिवार-रविवारी करणार, म्हणजे उन्हाचा त्रास तसा कमी पण दिवस लहान. चार-पाच मैलांना एक लिटर धरलं, वर रात्रीच्या मुक्कामाचं आणि थोडं जादा, तर माणशी सात लिटर तरी होतंय. म्हणजे नुसतं पाणीच सात किलो आणि त्यावर टेंट, स्लीपिंग बॅग. माझं एक वेळ ठीक आहे पण लेकीची चण लहान आहे, तिच्या पाठीवर एवढं द्यायला माझा जीव होत नाही.

९१व्या मैलाजवळ थर्ड गेट म्हणून जागा आहे, तिथे स्वयंसेवक लोक सीझनमध्ये पाण्याचे गॅलन आणून ठेवतात. पण ते अख्खी ट्रेल चालणाऱ्यांसाठी, आणि त्याच्या भरवशावर निघू नका असं सगळेच बजावतात, आणि मलाही ते पटतं, जे लोक घामाघूम होऊन ते पाणी वर वाहून आणतात ते आमच्यासारख्या रविवारी घरी जाणाऱ्यांसाठी नाही आणत. तर ते धरायचंच नाही. मग दोन पर्याय उरतात. एक म्हणजे आदल्या आठवड्यात आपणच कच्च्या रस्त्याने थर्ड गेटच्या जवळ जाऊन पाणी ठेवून यायचं आणि रिकामे कॅन परत न्यायचे, हे कोणी केलंय का, तो रस्ता साध्या सेडान गाडीला झेपतो का?

दुसरं म्हणजे उलटं चालायचं. बॅरल स्प्रिंग ३,५०० फुटांच्या जवळपास आणि सिझर्स क्रॉसिंग २,३०० च्या, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे आलं तर एकूण उतारच जास्त. शिवाय सिझर्स क्रॉसिंगहून वर चढणारी ती उघडी वळणं, जिथे सगळं पाणी पाठीवर घेऊन उन्हात चढायला लागतं, ती शेवटी उतरताना लागतील, तेव्हा सॅक रिकामी झालेली असेल. मला हेच बरोबर वाटतंय. लेकीचं म्हणणं की उत्तरेकडेच तोंड ठेवून चालायचं, नाहीतर जोडल्यासारखं वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी उलट दिशेने केलं असेल तर सांगा, तिला वाचायला देईन.

दुसरा प्रश्न गाडीचा. वॉर्नर स्प्रिंग्ज ते हायवे ७४, पॅराडाइज व्हॅली कॅफेपर्यंत, ४२ मैल. मध्ये डांबरी रस्ता नाही, चिवावा व्हॅली रोडसारखे कच्चे रस्ते आहेत. ४२ मैल दोन दिवसांत आमच्याने होणार नाहीत आणि लेकीला सुट्टी सोमवारची मिळाली तरच तीन दिवस. कोणी दुसरं कुटुंब किंवा ग्रुप असेल जो समोरून येईल आणि मध्यावर भेटून गाडीच्या चाव्या बदलू, तर फार मोठं काम होईल. मार्चमध्ये प्रेसिडेंट्स डेसारखी लाँग वीकेंड नाही, त्यामुळे फेब्रुवारीतलीच ती वापरावी आणि सॅन फेलिपे हिल्स आधी उरकावं असंही डोक्यात आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, आम्ही दोघी बऱ्यापैकी चालतो, दिवसाला १२-१३ मैल आरामात.

आता मुख्य प्रश्न, ज्याने माझी झोप उडालीय. हायवे ७४ ते आय-१०, सॅन जसिंटो डोंगर. आधी डेझर्ट डिव्हाइडची धार, तिथे झरे आहेत पण ट्रेल सोडून खाली उतरावं लागतं आणि परत चढावं लागतं. मग सॅडल जंक्शन, तिथून आयडिलवाइल्ड गावात उतरता येतं, तेवढा तुकडा वीकेंडला छान बसतो. पुढे फुलर रिजची धार, आणि मग जवळजवळ ७,७०० फुटांवरून १,२०० फुटांपर्यंत पंधरा मैलांचा सलग उतार. नॉर्थ फोर्क हा ओढा ओलांडला की खाली स्नो क्रीकच्या नळापर्यंत भरवशाचं पाणी नाही, सुमारे १९ मैल.

अडचण अशी की हे दोन टोकांचे दोन ऋतू आहेत. वर फुलर रिज उत्तरेला तोंड करून आहे, तिथे बर्फ मे महिन्यापर्यंतही टिकतो आणि सकाळी तो दगडासारखा कडक असतो, पाय घसरला तर थांबायला जागा नाही. आणि वरचा बर्फ जाईपर्यंत खालची खिंड तापायला लागते, जूनमध्ये तर तिथे उतरायचंच नाही. ब्लॅक माउंटन रोडने फुलर रिजच्या कॅम्पग्राउंडपर्यंत गाडी जाते त्यामुळे वर आणि खाली असे दोन वेगळे तुकडे करता येतील असं वाटलं होतं, पण तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो. मग असं केलं तर? खालचा उतार मार्च-एप्रिलमध्ये स्नो क्रीककडून वर चढत जाऊन, बर्फ लागला की परत फिरायचं, आणि उरलेलं रिजवरचं मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये आयडिलवाइल्डकडून. मैल सगळे जोडले जातील फक्त क्रम बदलेल. लेक याला तयार आहे, बर्फाचे फोटो पाहिल्यावर तिचा उत्तरेचा हट्ट गेला.

मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) आहेत आमच्याकडे. आइस अ‍ॅक्स नाही (बर्फात घसरण थांबवायची कुऱ्हाड), आणि ती वापरायचं प्रशिक्षण न घेता नुसती पाठीला लटकवून काही उपयोग नाही असं मला ठाम वाटतं. तर ज्यांनी फुलर रिज मेमध्ये केलंय त्यांनी सांगा, स्पाइक्सवर भागतं असं नेमकं कुठल्या खुणेवरून ठरवता? कोणाचा रिपोर्ट वाचून, का वेबकॅम बघून? ट्रेलच्या नकाशाचं फारआउट अ‍ॅप घेतलंय, पाण्याचा रिपोर्ट बघते, पण बर्फाबद्दल तिथे लिहिणारे बरेचसे तिशीच्या आतले दणकट लोक असतात, त्यांचं सोपं म्हणजे आमचं सोपं नाही.

दोन लहान गोष्टी. माझी बहीण मार्चमध्ये नाशिकहून येतेय, तिला वॉर्नर स्प्रिंग्जहून ईगल रॉकपर्यंत न्यायचंय, जेमतेम तीन-साडेतीन मैल एका बाजूने, मोकळं माळरान आणि शेवटी पंख पसरलेल्या गरुडासारखा तो खडक. ती व्हिजिटर व्हिसावर आहे, सीमेच्या जवळच्या भागात बॉर्डर पॅट्रोलची तपासणी असते, तिने मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा ना? आम्ही आमची ग्रीन कार्डं सॅकमध्ये झिपलॉकमध्ये ठेवतो.

आणि खाण्याचं. वणव्याच्या निर्बंधांमुळे कधी कधी स्टोव्हही लावता येत नाही, त्यामुळे आम्ही दशम्या, दाण्याची चटणी, मेथीचे लाडू आणि रात्री पातळ पोहे थंड पाण्यात भिजवून मेतकूट-मीठ घालून, असं करतो. पण बॅरल स्प्रिंगच्या तुकड्यात पोहे भिजवायलाही पाणी मोजून वापरायला लागेल. पाणी न लागणारं, पोटाला टिकणारं आणि घशात न अडकणारं असं रात्रीचं काय नेता तुम्ही?

सॅन फेलिपे हिल्सबद्दल आधी लिहा, ते सगळ्यात जवळ आलंय.