ब्राँझच्या नोंदींचं काय चाललंय?

बी-३०२: नमस्कार. स्पष्टच विचारते, राग मानू नका. ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डच्या (तरुणांसाठीचा उपक्रम) ब्राँझसाठी, म्हणजे पहिल्या पातळीसाठी, मुलांनी सोसायटीतच सेवा करायची असं ठरलं होतं ना? काल लेकाचं ऑनलाइन रेकॉर्ड बुक बघितलं. सेवा विभागात फक्त तीन नोंदी! आणि एका पालकांनी म्हणे सेक्रेटरींकडे तीन महिन्यांची एकरकमी सही मागितली.

ए-१०४: "एका पालकांनी" म्हणजे आम्ही. सरळ म्हणा की 🙏 पोरांनी दोन रविवार गच्ची घासली, सात-सात तास. झाले १४. लागतात १३.

डी-४०१: असं चालत नाही. आठवड्याला सरासरी एक तास, किमान तीन महिने, नियमित.

सी-२०३: गच्ची घासली म्हणताय, मग टाकीमागे शटलकॉक कुणाचे पडलेत?

ए-१०४: ते शारीरिक विभागातलं. वेगळं धरा 😄

सेक्रेटरी: मी असेसर, म्हणजे मुलांचं काम तपासून सही करणारा, आहे हे मला कालच कळलं. न बघितलेल्या कामावर सही करणार नाही. जिन्यातल्या सायकलीही आजच काढा.

ए-१०४: सायकलींचा इथे काय संबंध? बरं, मग मीच सही करतो.

डी-४०१: घरच्यांची सही चालत नाही. असेसर नात्यातला नको. आणि परत सांगते, आठवड्याला सरासरी एक तास, किमान तीन महिने.

एफ-६०१: आमच्या वेळी असली सर्टिफिकिटं नव्हती, तरी आम्ही घडलोच.

बी-३०२: काका, हे अवॉर्ड १९५६ पासून आहे.

सी-२०३: काका म्हणजे त्याच्याही आधीचे 😂

एफ-६०१: तुमच्या थकलेल्या मेंटेनन्सएवढा जुना नाही मी.

सेक्रेटरी: वैयक्तिक नको 🙏

डी-४०१: सही नंतरची गोष्ट, नोंदी आधी वाचा. एका मुलाच्या आठ नोंदी, आठही ठिकाणी "झाडांना पाणी घातलं". कॉपी-पेस्ट. त्यात तो बाहेरगावी होता त्या तारखेचीही एक! आमच्या मजल्यावरची मुलगी सोसायटीतल्या एका आजोबांना मोबाइल शिकवते, तिची नोंद बघा: "आज पासवर्ड पुन्हा विसरले. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिला. मग कळलं की वही दारातच पडलेली असते. पान फाडलं. पुढच्या वेळी लक्षात ठेवायची युक्ती शोधायची." काय केलं, काय फसलं, पुढे काय, सगळं आलं.

एफ-६०१: मी विसरलो नव्हतो. फोनच घेत नव्हता.

बी-३०२: 😂😂 पण ताई, नियोजन कसं लिहायचं? लेकाने उद्दिष्ट लिहिलंय "समाजसेवा करणे".

डी-४०१: ते फार मोघम झालं. "गच्चीवरची झाडं तीन महिन्यांत पुन्हा हिरवी करणे, दर शनिवारी सकाळी एक तास" असं हवं. सोबत असेसर कोण तेही. काम सुरू करण्याआधी अवॉर्ड लीडरना, म्हणजे मुलांना अवॉर्डसाठी मार्गदर्शन करणाऱ्यांना, दाखवायचं, संपल्यावर नाही. घरच्या कुंड्यांना पाणी घातलं तर ती सेवा धरत नाहीत. कौशल्य आणि शारीरिक विभागालाही तीन-तीन महिने, शिवाय तिन्हींपैकी एका विभागाला आणखी तीन. म्हणून ब्राँझला निदान सहा महिने लागतात.

सी-२०३: लिफ्ट बंद आहे तोवर सहाव्या मजल्यावरच्यांना शारीरिक विभाग आपोआप मिळाला.

एफ-६०१: मग मला गोल्डच द्या.

बी-३०२: वयोमर्यादा २४ आहे काका.

ए-१०४: आणि साहसी प्रवासाचा विभाग? क्लबहाउसमध्ये एक रात्र झोपले तर?

डी-४०१: झोपण्याचे गुण नाहीत. दोन दिवस, एक रात्र, रोज किमान सहा तास प्रवासाचं काम, चार ते सात जणांचा गट. त्याआधी एक सराव प्रवास. तिथेही नोंदी लागतात.

ए-१०४: म्हणजे पोरांची १४ तासांची मेहनत पाण्यात?

डी-४०१: पाण्यात कशाला? ज्या दिवशी जेवढं केलं तेवढं खरं लिहा, लीडर बघतील किती धरायचं. पण आठवड्याला सरासरी एक तास, किमान...

सी-२०३: ...तीन महिने. पाठ झालं ताई.

ए-१०४: बरं. पण असेसर कोण? सेक्रेटरी साहेब तर रुसलेत. ई-५०२ चे काका चालतील, कुणाचेच नातेवाईक नाहीत. बोलतही नाहीत कुणाशी.

ई-५०२: मी ग्रुप वाचतो.

ए-१०४: सॉरी काका 🙏

ई-५०२: करीन. शनिवारी सात वाजता गच्चीवर असतो. मुलांनी स्वतः यायचं. पालकांनी फोन करायचे नाहीत.