मावशींना हँडओव्हरमध्ये कसं घ्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे, दोनच वर्षं झालीत. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया, आणि हँडओव्हर म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देणं. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

परवा नाईटला हार्ट फेल्युअरचे एक आजोबा होते, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला, इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याची नोंद) चालू. सकाळी सहाला बॅगेत जेमतेम ४० एमएल. दोनच्या रीडिंगनंतर चार तास झालेले, वजन ६० किलोच्या आसपास, म्हणजे किलोमागे तासाला अर्धा एमएल धरला तरी १२० हवं. नळी दबलीय का पाहिलं, पोट चाचपलं, काही नाही. डॉक्टरांना फोन लावला, ते लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) वाढवायचं बोलतायत तेवढ्यात बेड करायला आलेल्या मावशी सहज म्हणाल्या, "अहो सिस्टर, ती बॅग मी मघाशीच ओतली की, चांगली अर्धी भरली होती." किती होतं? "बरंच होतं."

घाम फुटला मला. पण रात्री मी त्यांना काय सांगितलं होतं, तर "मावशी, दहा नंबरची बॅग जरा बघा." मोजून ओता, मला आकडा सांगा, हे कुठे बोलले मी? त्यांनी त्यांच्या हिशेबाने काम चोखच केलं.

नंतर बोलत बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, मागे चार नंबरच्या बाई रात्री चादर ओढत काहीबाही बरळत होत्या, मी एका सिस्टरना सांगितलं तर "तुम्ही तुमचं काम करा" म्हणाल्या, तेव्हापासून मी काही सांगतच नाही. हे ऐकून जास्त वाईट वाटलं, कारण स्पंजिंग, डायपर, बेडपॅन सगळं त्याच करतात, पाठ लाल झालेली (बेडसोरची सुरुवात) आमच्या आधी त्यांनाच दिसते.

अडचण अशी की त्यांची शिफ्ट आमच्या अर्धा तास आधी बदलते, शिवाय कॉन्ट्रॅक्टवर असल्याने आज या वॉर्डला तर उद्या त्या. इन्चार्ज म्हणतात त्यांना काय कळणार हँडओव्हरमधलं. त्यात मावशी माझ्या आईच्या वयाच्या, एकच गोष्ट दोनदा सांगितली की तोंड पाडतात. तुमच्याकडे कसं करता?

प्रतिसाद १
आयसीयूत ब्रदर (पुरुष नर्स) आहे. तुमच्या हँडओव्हरला त्यांना उभं करू नका, बोअर होतात. शिफ्ट घेतल्यावर मावशी-मामांना घेऊन बेडवरून एक फेरी मारायची, पाच मिनिटं. उपाशी कोण, लघवी कोणाची मोजायची, एकट्याने कोणाला उठवायचं नाही, कूस कोणाची बदलायची, एवढंच. आणि वाक्य पूर्ण बोला. "कूस बदला" नाही, "दोन वाजता डावीकडे, पाठ लाल दिसली तर तिथूनच हाक मारा." शेवटी "समजलं का" विचारलंत तर सगळे हो म्हणणार 😀 त्यापेक्षा "माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का, एकदा तुम्हीच बोलून दाखवा" म्हणा, परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण बरळणाऱ्या बाईंचा किस्सा जास्त सिरीयस आहे. म्हातारं माणूस अचानक असं करायला लागलं तर इन्फेक्शन, सोडियम, शुगर काहीही असू शकतं. मावशींनी काही सांगितलं की उठून बघायचं, आणि पुढे काय निघालं ते त्यांना जाऊन सांगायचं, काही निघालं नाही तरी. बॅगेला रंगीत चिकटपट्टी लावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतं. मोजायचं भांडं मात्र प्रत्येक पेशंटचं वेगळं हवं.

धागाकर्ती
थँक्स दोघांना. काल फेरी मारली. पहिल्यांदा मावशी गप्प, मग आठ नंबरला स्वतःहून म्हणाल्या, "यांची टाच बघा, कालपासून लाल आहे." बघितली, खरंच होती, दाबलं तरी लाली जात नव्हती. टाच उशीवर अधांतरी केली, चार्टला लिहिलं आणि मावशींना सांगितलं. मोजायची भांडी अख्ख्या वॉर्डात दोनच निघाली, इंडेंट (स्टोअरकडे मागणी) टाकलाय.