माळ्यावरचं, मोडीतलं, आजीचं : जुन्या वस्तूंचा कोल्हापुरी अनुभव धागा

दिवाळीची आवराआवर निघाली की निम्मा माळा मोडीत जातो. दुकानदार वजन करतो, भांड्यावर ठोकलेलं नाव कुणी वाचतसुद्धा नाही. म्हणून हा धागा. आपल्याकडची वस्तू कोणती, ती किती जुनी हे कशावरून ओळखलं, बाजारात नकली काय फिरतंय, ते लिहा. भाव मात्र विचारू नका, तो वाद एकदा सुरू झाला की संपत नाही.

सुरुवात मीच करतो. आमच्याकडं आजीच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ आहे. उलटं करून उजेडात धरलं की तळाच्या कडेनं पिवळी, करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते. पत्र्याचे दात पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि पितळेनं झाळायचं, तो हा जोड. मठारलेल्या ठोक्यांच्या ओळी कुठं दाट, कुठं विरळ. नव्या ‘अँटिक’ भांड्यांवर ठोके असतात, पण सगळे एका मापाचे, आणि आत बोट फिरवलं की लेथच्या गोल रेघा लागतात. काठावर नाव आहे आणि ‘शके 1853’. त्यात 78 मिळवले की 1931. लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर 1932 धरायचं, कारण शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत.

कागलकडनं : आमच्यात धान्याच्या मापांचा पुरा संच हाय. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आज्जी अजून जोंधळं पायलीनंच मोजती, किलो सांगितलं की तिला राग येतोय. दशमान मापं 1958 पासनं टप्प्याटप्प्यानं आली, तवापासनं ही मापं बाजारातनं उठली आन् घराघरात धान्याच्या कणगीवर जाऊन बसली. जुनं माप बघायचं तर काठ बघा भावांनो. रोज हातानं सपाट केलेलं असतंय, त्यामुळं काठ एका अंगाला झिजतोय. नव्याचा काठ सगळीकडनं सारखा.

शाहूपुरी, सासूबाईंची सून : सासूबाईंच्या सिंगर मशीनवर सोनेरी वेलबुट्टी निम्मी उडालीय, पण पायथ्याशी नंबर शाबूत आहे. नंबराआधी ‘वाय’ अक्षर असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लायडबँकच्या कारखान्यातलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. एका कारागिरानं ‘काळा रंग मारून नवं करून देतो’ म्हणून सांगितलं. सासूबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. खरी दौलत मात्र खणातल्या पत्र्याच्या डबीत आहे : दुमड घालायचे, चुण्या पाडायचे सुटे पाय. मशीन विकणारे डबी विसरतात. तुम्ही मागून घ्या.

मंगळवार पेठ : चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणि त्यावर कुत्र्याचं चित्र दिसलं की आधी हात मागं घ्या. असले नवे जोडकाम करून सर्रास विकतात. पेटीचं लाकूड, चावीचा गिअर, साउंडबॉक्सची, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीची, घडण बघा. बाकी लाखेच्या तबकड्या हातातून सुटल्या की संपल्या, एवढं सांभाळा.

घड्याळवाला : एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला घड्याळं काढली. ‘जनता’ कुणाच्या घरी नव्हतं? आता निळ्या, नारिंगी, हिरव्या डायलची ‘पायलट’ ढिगानं मिळतात. बहुतेक डायल नंतर रंगवलेले. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा : फिसकटलेल्या असतील, अंक काट्यांशी जुळत नसतील, तर मशीन जुनं आणि तोंड नवं.

व्हीनस कॉर्नरजवळ : 2019 च्या पुरात आमचं बरंच सामान पाण्यात गेलं, प्रभाकर कंदील वाचला. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखान्यानं बनवलेला. काच मात्र बदललेली आहे, ते सांगून टाकलेलं बरं. कंदिलाची मूळ काच शोधतोय, कुणाकडं असल्यास कळवा.

घंगाळवाल्या दादांना प्रश्न : चिंच-मीठ लावायचं की नाही?

वापरातलं असेल तर खुशाल लावा. संग्रहात ठेवायचं असेल तर नको, नावाची ठोकलेली अक्षरं वरचेवर घासून पुसट होतात.

त्यावर कसबा बावड्याहून एक काकू : देवघरातली समई काळी ठेवायची होय? आमच्यात सणाला समई लखलखीत लागते. संग्रह तुमचा तुमच्यापाशी.

काकू, समई घासाच.

नवीन सदस्य : आजोबांच्या चंचीत चपटी पितळी डबी सापडली. दोन बाजूंना दोन झाकणं, साखळीला बारीक चमचा. हे काय असावं?

चुनाळं. एका बाजूला चुना, दुसरीकडं तंबाखू. चमचा म्हणजे कानकोरणं. आत चुना घट्ट बसला असेल तर चाकूनं खरवडू नका, कोमट पाण्यात भिजू द्या. आणि ती चंची धुवायला टाकू नका, आधी तिचे कप्पे किती ते मोजून फोटो टाका.