बांध फुटलेल्या खाजनातली खारफुटी: ठेवायची की काढायची?

मांडवीकाठ: आमच्या गोव्यातल्या तिसवाडीतल्या गावात बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत) कांदळ, तिवर, मारांडी ही खारफुटी माजली आहे. परवा ग्रामसभेत ती काढून भात लावायची मागणी झाली. माझा ठाम विरोध. मासळीची पिल्लं तिथेच वाढतात.

खाजनकार: बाय, तुम्हाला रान दिसतं, ते आमच्या आज्याचं शेत. कोरगुट, खाऱ्या जमिनीत तगणारं भात, पिकायचं तिथे. पहिल्या पावसात मीठ धुऊन गेलं की पेरा. बांध वेळेवर बांधला नाही, खारं पाणी घुसलं, खारफुटी आली. आता कोयता लावला तर गुन्हा. बांधाकडे पाठ फिरवली त्यांचं फावलं!

मांडवीकाठ: कापून लगेच भात येईल? त्या चिखलात पायराइट असतं. पाणी काढून सुकवलं की हवा लागून त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. रोपं करपतील, पोयीतले, म्हणजे खाजनातल्या तळ्यातले, मासेही मरतील.

खाजनकार: म्हणून गोड्या पाण्याने धुवायचं, चुना घालायचा. वेळ लागेल, लागू दे.

पोयवाला: दोघे झाडांवरून भांडताय, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेचं, कुणीच काढत नाही. भरतीचं पाणी रेटतं तेव्हा तिची दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मासळीच्या लिलावाला चांगला पैसा येतो म्हणून दारं अडकवून भरती आत घेणारे आपल्यातच आहेत ना? मग शेत खारणारच. आणि ते कांदळाच्या शेंगा चिखलात खोचण्याचे सरकारी कार्यक्रम! ओळीने कांदळ लावायचे, फोटो काढायचे. जागा फार खोल असेल तर रोप बुडून मरतं, आणि उघड्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते ती वेगळीच. भरती-ओहोटी नीट खेळती असली, जवळ जुनी झाडं असली, तर बी आपोआप येतं.

खाजनकार: मानशीचं कबूल. पण बांधाबाहेरची खारफुटी आम्ही कधी कापली नाही, तीच लाटा अडवते. आतली वेगळी. 2011 च्या किनारी अधिसूचनेत खारफुटी राखा, खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करा, तिथे विकासकामं नकोत असं आहे. आराखड्याचं कोणी विचारतं का? आत झाडं राहिली, कुळं उठली, की उद्या भराव घालणाऱ्यांना मोकळं रान.

मांडवीकाठ: आराखड्याच्या अर्जावर सही देते. त्यात कापणीची ओळ दिसली तर मात्र नाही.