चर्चा: एकच माणूस नेमता येणार असेल, तर गणिताचा शिक्षक की समुपदेशक?

लालबागची_आई (धागा सुरू करतेय)

माझी मुलगी आमच्या भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीला आहे आणि मी पालक-शिक्षक संघात आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने वर्षभर महिन्याला २२ हजार रुपये द्यायचं कबूल केलंय. त्यात एकच माणूस येतो. बैठकीत सरळ दोन तट पडले. काहींना गणित-इंग्रजीच्या जादा तासांसाठी शिक्षक हवा, काहींना समुपदेशक. शनिवारी ठरवायचंय.

मी समुपदेशकाच्या बाजूने आहे. मुलीच्या वर्गातली एक जण सहामाहीनंतर यायचीच बंद झाली. बाईंनी घरी दोनदा फोन केला, "बरं नाहीये" एवढंच उत्तर मिळालं. बाईंना दोष देत नाही. ६४ मुलांचा वर्ग, पेपरांचे गठ्ठे आणि वर मतदार यादीचं काम. खरं कारण माझ्या मुलीला ठाऊक होतं: आई हॉस्पिटलात, धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कोणी नाही. मी विचारलं, "अगं, मग शाळेत सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "कोणाला सांगायचं असतं?"

त्या प्रश्नाला आमच्या शाळेत आज उत्तर नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं सांगितलं. मग पैसे हातात असताना थांबायचं कशासाठी?

गिरणगावचे_सर

३१ वर्षं गणित शिकवलं, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा निर्णय चुकतोय.

न्यायालयाचं म्हणणं डोक्यावर. पण अनुदानित शाळेला माणसं मिळतात ती संच मान्यतेतून, म्हणजे सरकार पटसंख्येवरून मंजूर करतं त्या पदांतून, आणि मी काम केलं त्या शाळेच्या संच मान्यतेत असं पद कधी आलं नाही. म्हणजे हे २२ हजार संपले की ताई गेल्या. वर्षभरात मुलं जीव लावणार आणि मग खोलीला कुलूप. त्याचा विचार केलात का?

आता मुख्य मुद्दा. नववीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एकच गणित घालायचो: १/२ अधिक १/३. निम्म्याहून जास्त वह्यांत २/५ लिहिलेलं असायचं. वरची बेरीज वर, खालची खाली. हे मूल आठवीपर्यंत वर ढकलत आलंय, चार वर्षं त्याला वर्गात काय चाललंय ते कळलेलं नाही. आणि बोर्डात १०० पैकी ३५ ला पास, त्यातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, शाळेच्या हातातले. १८ शाळेने दिले की लेखीत १७ पुरतात. निकालाचा बोर्ड चकचकीत दिसतो, पोराला अपूर्णांक आलेले नसतात ते नसतातच.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शेवटचा बाक, मान खाली, विचारलं की डोळ्यांत पाणी. सगळे म्हणायचे घरी काहीतरी आहे. मी रोज मधल्या सुट्टीत २० मिनिटं तिला बसवलं. पोळीचे तुकडे करून दाखवले, मग लसावि. तेराव्या दिवशी तिने स्वतः २ आणि ३ चा लसावि ६ काढला, ३/६ अधिक २/६ मांडलं, ५/६ लिहिलं आणि खोडरबर बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी येऊन दुसऱ्या बाकावर बसली. मी तिच्याशी घराबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. ज्याला रोज पाच तास काही कळत नाही, त्याचं दुःख तेच आहे. ते आधी काढा.

समुपदेशक_मध्य_मुंबई

सर, तुमची ती विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत शाळेत हजर होती. माझा प्रश्न जी हजर नाहीत त्यांचा आहे.

मी दोन शाळांत आठवड्यातून दोन-दोन दिवस जाते. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. नववीतला एक मुलगा, गणितात ७ गुण. शाळेने सकाळी सातचे जादा तास लावले, यादीत त्याचं नाव पहिलं. तो एकदाही आला नाही. वहीत लाल शेरे, मग पालकांना बोलावणं, मग वर्गाबाहेर उभं करणं. माझ्याकडे पाठवला तो "उद्धट आहे" म्हणून. पहिल्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशी मी त्याचे हात पाहिले, बोटांची टोकं काळी होती. शाई. पहाटे साडेचारला स्टेशनबाहेर वर्तमानपत्रं लावून घ्यायची आणि मग लाईन टाकायची, म्हणजे घरोघरी पेपर टाकायचे, साडेसातपर्यंत. बाबांचं काम सुटलेलं, घरभाडं त्या पैशांतून.

जादा तास वाईट नव्हता. फक्त तो नेमका त्याच्या लाईनच्या वेळेला होता आणि हे शाळेत कोणी विचारलंच नव्हतं. मी मुख्याध्यापिकांशी बोलेपर्यंत डिसेंबर उजाडला. तोवर त्याने दप्तर टाकलं होतं.

दहावीच्या मुलांसाठी २०१६ पासून काही वर्षं कल चाचणी झाली. मुलांच्या हातात कागद आला, "तुझा कल अमुक". त्या कागदावर बोलायला समोर माणूस नव्हता. ते तरी पुन्हा करू नका.

भांडुप_पश्चिम

ताई, तुमच्याबद्दल नाही, पण मला या खोल्यांची भीती वाटते. माझ्या मोठीच्या शाळेत (नाव लिहीत नाही) समुपदेशक होत्या. खोली स्टाफरूमला लागून, मध्ये प्लायवूड. मुलगी एका मुलाच्या मेसेजने घाबरली होती, तेवढंच बोलायला गेली. चार दिवसांत वर्गशिक्षिकेला माहीत, आठवड्यात तिच्या काकूला, कारण काकू त्याच शाळेतल्या क्लार्कच्या ओळखीची. वर्गात "ताईकडची केस" असं नाव पडलं. दहावीचं वर्ष तिने मान खाली घालून काढलं. गणिताच्या जादा तासाला गेल्याने कोणाचं असं होत नाही.

समुपदेशक_मध्य_मुंबई

हे वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग रास्त आहे. सांगितलेलं बाहेर गेलं की पुढची दहा वर्षं ते मूल कोणापाशी बोलत नाही.

मी पहिल्याच भेटीत मुलांना सांगते: इथलं इथेच राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तेही आधीच सांगते. खोलीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. मी ग्रंथालयात बसते. तिथे कोणी पुस्तकाला आलंय की माझ्याकडे, हे बाहेरून कळत नाही. शनिवारच्या बैठकीत माणसाच्या आधी जागा ठरवा.

रात्री-अपरात्री कोणाला फारच अवघड झालं तर १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि मुलांसाठी १०९८. हे दोन नंबर वर्गात लावायला एक रुपया लागत नाही.

वरळीचा_रात्रशाळावाला

दोन्ही नको, असं माझं मत. मी बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही सात जण. आजोबांचा टीव्ही साडेदहाला बंद व्हायचा, मग आई भांडी घासायची, मग अंथरुणं. पुस्तक उघडायचं ते गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय चुकवत. दिवसा काम करायचो, म्हणून रात्रशाळेतून दहावी केली. साडेसहाला त्याच इमारतीचे वर्ग आमच्यासाठी उघडायचे, आणि खरं सांगू का, डोक्यावर ट्यूबलाइट आणि पुढ्यात मोकळा बाक यानेच माझं अर्धं काम केलं.

आज किती शाळा दुपारी कुलूप लावून बसतात! २२ हजारांत शाळा रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. एक विश्वासाची व्यक्ती, एक शिपाई, पिण्याचं पाणी, मुलींना घरी सोडायची व्यवस्था. मंडळांच्या अभ्यासिका आहेत, पण तिथे आमच्या भागात मुली फारशा जात नव्हत्या. शाळेत घरचे पाठवतात.

गिरणगावचे_सर

जागेचं पटलं. पण नुसता बाक देऊन लसावि येत नाही हो.

लालबागची_आई

शनिवार झाला. ठरलं ते लिहिते.

समुपदेशक नेमतोय, पण आठवड्यातून तीनच दिवस. उरलेल्या पैशांत पाच ते आठ दोन वर्ग उघडे राहतील, शिपाईमामांना जादा मानधन देऊन. खोली ऑफिसशेजारी द्यायचं घाटत होतं. मी भांडुपच्या ताईंचा किस्सा नाव न घेता सांगितला, आणि ग्रंथालय मिळालं. सर, जादा तासांना या वर्षी पैसे नाहीत. मी माझ्या मताशी ठाम आहे, पण तुमचं २/५ मी बैठकीत फळ्यावर लिहून दाखवलं आणि दोन वडील गप्प झाले. नंतर एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की मग बरोबर उत्तर काय.

आणि ती मुलगी. मी घरी जाऊन आले. आई आता चालती-फिरती आहे. सोमवारपासून येते म्हणालीय.

गिरणगावचे_सर

मला अजूनही वाटतं की तुम्ही आधी शिक्षक घ्यायला हवा होता. असो.

समुपदेशक ताई, तो पेपरलाईनवाला मुलगा आता काय करतो?

समुपदेशक_मध्य_मुंबई

लाईन चालू आहे, दुपारी एका दुकानात असतो. आईची इच्छा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायची. त्याला वाटतं गणित काही निघणार नाही.

गिरणगावचे_सर

मी परळला राहतो, दुपारनंतर मोकळाच असतो. त्याला विचारा, किती वाजता जमेल. अपूर्णांकांपासून सुरू करू.