'उच्चभ्रू' म्हणजे नक्की कोण?

पाटीपेन्सिल: 'पंच' या जुन्या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या जॉर्ज ड्यू मॉरिएच्या चित्रांवरचा लेख मराठीत आणतेय. १८८० चं एक चित्र आहे. नवं जोडपं, हातात चिनी टीपॉट. नवरा विचारतो, "परिपूर्ण आहे, नाही?" ती म्हणते, "अल्जर्नन, आपण या टीपॉटला साजेसं जगू या!" मी लिहिलं, 'उच्चभ्रू समाजाची टिंगल'. संपादक म्हणाले, उच्चभ्रू म्हणजे विद्वान, 'धनिक' करा. पण 'उच्चभ्रू वस्ती' आपण फ्लॅटचे भाव बघूनच म्हणतो ना?

चिमटा: संपादक बरोबर. 'हायब्राउ'ची सरळ नक्कल आहे ती. 'ब्राउ' म्हणजे कपाळही आणि भुवईही. उंच कपाळ म्हणजे बुद्धी, ही तिकडची समजूत. आपण कपाळ सोडून भुवई उचलली, मग पेपरवाल्यांनी तिच्यावर बंगला बांधला.

आजोळकर: नक्कल कसली? आमची आत्या पाहुण्याच्या चपला बघून भुवई चढवायची. मोठ्या घरचं लक्षणच ते. शब्द इथलाच.

चिमटा: काका, आत्या मोल्सवर्थच्या शब्दकोशात सापडल्या तर कळवा.

घाटवळण: मुळात हे जोडपं धनिक म्हणून चित्रात नाहीच! कलासक्तीचं सोंग आणणाऱ्यांची थट्टा आहे ती. निळ्या चिनी भांड्यांना साजेसं जगणं अवघड होत चाललंय, असं ऑस्कर वाइल्ड ऑक्सफर्डात म्हणाल्याचं सांगतात. बड्या लोकांत घुसायला धडपडणाऱ्या मिसेस पॉन्सन्बी द टॉमकिन्स हे ड्यू मॉरिएचं वेगळंच पात्र. तेव्हा ताई, संपादकांच्याच अर्थाने तुमचा शब्द इथे बसतो.

खारीबटर: दोघींनाही 'हुच्चभ्रू' म्हणा. मिटलं.

पाटीपेन्सिल: छापणार कोण? आणि याला 'व्यंगचित्र' म्हणू का? माणसं चांगली देखणी काढलीत, व्यंग कुठेच नाही. गंमत सगळी खालच्या संवादात.

चिमटा: व्यंग नव्हे, व्यंग्य! 'य' खाऊ नका.

आजोळकर: १९६० साली 'मार्मिक' निघालं तेव्हापासून 'व्यंगचित्र'च वाचतोय. कुणाचं काही अडलं नाही.

चिमटा: हिंदीवाल्यांनी 'य' जपलाय.

खारीबटर: हिंदीवाले 'कार्टून' म्हणतात.

घाटवळण: तेही 'पंच'चंच. ब्रिटिश पार्लमेंटच्या भिंतींवरच्या चित्रांच्या कच्च्या आराखड्यांना कार्टून म्हणत. १८४३ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा जॉन लीचने चित्रं बघत उभे असलेले फाटके, उपाशी लोक काढले आणि वर लिहिलं 'कार्टून क्रमांक १'.

चिमटा: 'पंच'चं कसं? मूळ इटालियन 'कार्तोने', जाड कागद.

आजोळकर: कार्टन त्यातलाच का? आमच्याकडे खोका म्हणतात.